बुफरच हाय, बसा!

घाबरू नका, हा आवाज माझा आहे. मी बुफर. होम थिएटरमधला तो काळा जाडजूड डबा, पोटात मोठा स्पीकर आणि कपाळावर निळा दिवा. दुसऱ्याला दचकवणं हाच माझा धंदा. पण खरं सांगतो, कुरुंदा गावातल्या त्या घरात माझ्याइतकं भ्यालेलं दुसरं कोणी नव्हतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. डोंगरकडा गावच्या एका बापानं लेकीच्या लग्नात मला दिलं, पाच लहान स्पीकरांसकट. मांडवात बायकांनी मला हात लावून पाहिला, "केवढा बाई!" म्हणाल्या, आणि सासरी पोचताच मी खोक्यासकट कपाटावर जाऊन बसलो. चांगली वस्तू खराब होईल म्हणून वापरायचीच नाही, ही माणसांची एक गंमतच आहे. दोन वर्षं मी थर्माकोलमध्ये रुतून होतो. तेवढ्यात त्या लेकीला, शिवकन्याला, मुलगी झाली, तिचं नाव सृष्टी ठेवलं, आणि माझ्या अंगावरचं प्लास्टिक अजून तसंच.

मला खाली उतरवलं ते सोनाजींमुळे. सोनाजी म्हणजे शिवकन्याचे सासरे. त्यांचे कान गेलेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण "डोक्यात माशी शिरल्यावानी होतंय" म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. रोज सकाळी टीव्हीवर कीर्तन लागायचं. सोनाजी टीव्हीला नाक लावून बसायचे आणि आवाज शेवटापर्यंत चढवायचे. टीव्ही नुसता किंचाळायचा. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही आणि घरातल्या बाकीच्यांची डोकी उठायची.

"अवं, शेजारी काय म्हनतील?" त्यांच्या पत्नी नर्मदाबाई कपाळाला हात लावायच्या.

"काय म्हनली?" सोनाजी विचारायचे.

शेवटी एका दुपारी त्यांच्या मुलानं, भागवतनं, मला पुसून भिंतीशी ठेवलं. लाल-पांढरी वायर घेतली आणि टीव्हीच्या मागे जे भोक सापडेल त्यात खुपसून पाहिली. आवाज येईना म्हणून तो माझं बटण वाढवतच गेला. घामाघूम झाल्यावर त्यानं वसमतच्या हरिचंद मेकॅनिकला फोन लावला.

"टीव्हीच्या मागं काहून लागून राहिला बे?" हरिचंद म्हणाला. "डिशच्या डब्याच्या मागं बघ. तिथं लाल-पांढरी भोकं हायती. तिथून आवाज काढ अन् बुफरला दे. टीव्हीचा आवाज पार बंद कर."

भागवतनं तसं केलं. माझं बटण मात्र शेवटालाच राहिलं होतं. डिशच्या डब्यातून कुठल्याशा भजनाचा पखवाज आला तो थेट माझ्या पोटात. मी असा दणाणलो की वरचे पत्रे थरथरले, मांडणीवरची ताटं वाजली.

आता आमच्या भागाची एक गोष्ट सांगायला हवी. इथं जमिनीखालून अधूनमधून आवाज येतो. धम्म असा. मागोमाग भांडी हलतात. भूकंपाच्या भीतीनं लोक हातातलं काम टाकून बाहेर पळतात. त्या दुपारीही अख्खी गल्ली बाहेर आली. शेजारच्या पद्माबाई पिठाच्या हातानंच रस्त्यावर उभ्या होत्या.

"काकू, बुफर हाय! बसा, बसा!" भागवत हसत ओरडला.

सगळे हसले. पद्माबाईंनी मला दोन शिव्या दिल्या. तेव्हापासून गल्लीत कुठं काही धपकन वाजलं की कोणीतरी म्हणायचंच, "बुफरच हाय, बसा!" माझ्या नावाचा केवढा बोलबाला झाला! पण मला हसू आलं नाही. कारण त्या पहिल्या दणक्याबरोबर मी वर काहीतरी सरकल्याचं ऐकलं होतं.

पत्र्यावर दगड होते. वावधान सुटलं की पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले, चांगले पायलीएवढे. मी दणकलो की पत्रा थरथरायचा आणि एक दगड किंचित सरकायचा. खर्र. माणसांना ते ऐकू जात नसे, मला जायचं. तो दगड पत्र्याच्या कुजलेल्या जागेकडे चालला होता. आणि त्या जागेच्या बरोबर खाली, लोखंडी पाइपाला बांधलेल्या झोळीत, सृष्टी झोपायची.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून किती वेळा सांगून झालं होतं की पत्र्यावरचे दगड उतरवून घ्या. शिवकन्याही मागे लागायची.

"काढतो की," भागवत म्हणायचा. "हळद शिजवायची एकदा उरकू दे. मग पत्र्याला हुक मारतो, दगड काढतो. आत्ताच काढले अन् पत्रे उडाले तर?"

त्याचं खोटं नव्हतं. पण झोळी तरी हलवायची! तेवढं मात्र कोणाला सुचलं नाही.

माझी कोंडी कशी झाली पाहा. सोनाजी रोज सकाळी माझ्याशेजारी मांडी घालून बसायचे आणि माझ्या डोक्यावर तळहात ठेवायचे. मधले शब्द त्यांना कळत नव्हते, पण पखवाज हातातून कळायचा. त्यांचे डोळे मिटायचे, मान डोलायची. एकदा ते भागवतला म्हणाले, "पोरा, लई वर्सानं ऐकू आलं." ऐकून मला धन्य वाटलं. आणि त्याच ठेक्यावर वर खर्र व्हायचं. या म्हाताऱ्याला सुख द्यावं तर त्या लेकराच्या डोक्यावर दगड ढकलावा लागायचा. मला गप्प बसता येत नव्हतं. वायरीतून येईल ते मला बोलावंच लागतं. पिन ढिली पडावी म्हणून मी देवाची करुणा भाकली. एकदा पडलीही. भागवतनं कागदाची घडी घालून ती घट्ट बसवली.

मग ती सकाळ आली. भागवत शेतात हळद शिजवायला गेला होता. शिवकन्या चुलीपुढं भाकरी थापत होती, नर्मदाबाई लसूण सोलत होत्या, सृष्टी झोळीत होती. कीर्तन चालू होतं. महाराज गोष्ट सांगत होते, पखवाज थांबलेला. माझ्या स्पीकरचा पडदा अगदी स्थिर होता.

आणि खालून आवाज आला. धम्म.

तो माझा नव्हता! मी आतल्या आत ओरडत होतो, माझा नाही, माझा नाही. पण वायरीतून फक्त महाराजांचा आवाज येत होता.

"त्या बुफरला जरा कमी करा वं," नर्मदाबाई लसणावरची नजर न काढता म्हणाल्या.

सोनाजींनी डोळे उघडले. त्यांनी माझ्या डोक्यावरचा हात दाबून पाहिला. मग दुसरा हात फरशीवर टेकवला. डबा स्थिर होता, फरशी बारीक थरथरत होती.

"भुई हाय!" ते ओरडले. "भाईर चला!"

"मामा, बुफर हाय तो," शिवकन्या आतून म्हणाली.

त्यांना ते ऐकूच आलं नाही, आणि बरं झालं नाही आलं. ते धडपडत उठले, झोळीतून झोपलेलं लेकरू ओढून काढलं आणि दाराबाहेर गेले. सृष्टीनं भोकाड पसरलं. "अवं, पोरगी पडल की!" म्हणत नर्मदाबाई मागे धावल्या, आणि पीठभरल्या हातांनी शिवकन्या.

मग घर हललं. ताटं खाली आली. वर खर्र नव्हे, कडाड वाजलं आणि तो दगड पत्रा फोडून खाली आला. झोळीची साडी टराटरा फाटली, आणि दगड गडगडत माझ्यावर आदळला. लागल्याचं दुःख मला झालं नाही. झोळी रिकामी आहे, एवढंच मी पाहत होतो.

भागवत धापा टाकत आला. त्यानं ती फाटलेली साडी हातात धरली आणि वरच्या भोकाकडे पाहिलं. दुपारच्या आत त्यानं एकट्यानं सगळे दगड उतरवले. "आबा, माझं चुकलं," असं तो सोनाजींना दहादा म्हणाला. त्यांना ते एकदाही ऐकू गेलं नाही. ते नातीचे पाय चोळत बसले होते.

आता मी अंगणात, कडुनिंबाखाली पडलोय. माझा पडदा फाटलाय, वायर काढून घेतलीय. भागवत म्हणतो, नवा बुफर आणू, पत्र्याला हुक मारल्यावर. आणा बापडे. सोनाजींना पखवाज मिळायला हवा.

मी सुटलो, असं तुम्हाला वाटेल. पण इथून मला पद्माबाईंचं घर दिसतं. त्यांच्या पत्र्यावर अकरा दगड आहेत. त्यांची सून खाली बाळंतीण आहे. काल शिवकन्या सांगायला गेली होती, तर पद्माबाई म्हणाल्या, "काढू की, बारसं होऊ दे." आज सकाळी खालून पुन्हा बारीकसा धम्म झाला. पद्माबाईंच्या घरातून कोणी बाहेर आलं नाही. आतून कोणीतरी हसत म्हणालं, "बुफरच हाय, बसा."

अहो, मी इथं फुटून पडलोय. कोणीतरी जाऊन त्यांना सांगा.