लालबागच्या वळणावरची डोरिस

“अंकल, एवढे केस पिकले तरी तुम्ही खेळण्यातल्या गाड्यांशी का खेळता?”

मित्रांनो, हा प्रश्न ऐकला आणि माझं पितळ तापलं. खेळणं म्हणजे मी. विचारणारी मुलगी नववीतली होती. तिच्या मागे क्लेअर नावाची मैत्रीण आणि आणखी दोघी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. ‘विचारून दाखव, तर तुला मानलं,’ अशी दारातच पैज लागली होती.

रेमंड अंकल रूळ पुसत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

“नाव काय तुझं?”

“रखमा.”

हे तिच्या पणजीचं नाव. मागच्या वर्षापर्यंत ती ते पुटपुटायची म्हणे, आता ठणकावून सांगते.

“मग रखमा, पयलं हात धुऊन ये. याचं उत्तर तोंडाने नाय देता येत.”

आता माझी ओळख करून देते. मी एक जुनं पितळी इंजिन आहे, तळहातावर मावेन एवढं. इंजिन असले तरी माझं नाव डोरिस, म्हणून मी स्वतःला बाईच समजते. रेमंड अंकल आणि त्यांचे मालवणी दोस्त राजाराम, दोघे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधले. त्यांनी मला माहीमच्या घरात, रेमंड अंकलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवलं. माझी मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची आहे आणि धुरांडं एका मोडक्या स्टोव्हचं. स्टोव्ह अंकलच्या बायकोचा होता, न विचारता घेतलेला. भांडण नको म्हणून मला तिचंच नाव दिलं.

मग आम्ही परळच्या या छोट्या संग्रहालयात आलो. इथे मोठ्या टेबलावर आख्खी मुंबई मांडली आहे. माहीमची खाडी आरशाची आहे आणि वडाळ्याची मिठागरं खऱ्या मिठाची. त्या मिठाने रूळ गंजतात आणि अंकल रोज वैतागतात, पण मीठ काही बदलत नाहीत. मी दादरहून निघायचे, परळ ओलांडायचे, लालबागचं वळण घ्यायचे. मुलं काचेला नाक लावून माझ्याबरोबर धावायची. काय सांगू, फार लाड झाले माझे.

पण गेल्या दसऱ्यापासून मी त्या वळणावर अडखळू लागले. आधी नुसता हिसका द्यायचे, मग चक्क थांबायचे. मुलं ओरडायची, “धक्का मारा, धक्का मारा.” संग्रहालयाच्या सुचित्रा मॅडम एक दिवस अंकलना म्हणाल्या, “वर्धापनदिनाला खूप पाहुणे येतील. तोवर डोरिस नीट चालली तर चालली. नाहीतर तिला मानाने कपाटात ठेवू आणि टेबलाच्या जागी मोठा स्क्रीन लावू.”

मानाने कपाटात. तुम्हाला कुणी मानाने कपाटात ठेवलं तर?

अंकल म्हणत, “मोटर दमली तिची. माझ्यासारखीच.” मला काय झालंय ते मला पक्कं ठाऊक होतं. पण सांगणार कसं? मला फक्त शिट्टी येते, आणि तीसुद्धा बटण दाबल्यावर.

रखमा मात्र हात धुऊन आली, ती रोज शाळा सुटल्यावर येतच राहिली. अंकलनी तिला माझी चाकं पुसायला शिकवलं. रुळावर स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं टाकायचं, माझी पुढची चाकं त्यावर टेकवायची आणि मला हाताने धरून मागच्या चाकांना करंट द्यायचा. मी जागच्या जागी धावते आणि काळा मळ फडक्यावर उतरतो. तेलाचं मात्र तिने वेगळंच केलं. सुईच्या टोकावर मावेल तेवढं घालायचं, तर तिने मला न्हाऊ घातलं. मी परळ स्टेशनात फलाट सोडून घसरत पुढे गेले.

“अगं, दिवाळीची आंघोळ नाय घालायची तिला,” अंकल म्हणाले. किती दिवसांनी हसले ते.

एक दिवस रखमाने मला हातात उचलून कानाला लावलं आणि क्लेअरला माझ्या चाकांना वायर लावून करंट द्यायला सांगितलं.

“अंकल, मोटर मस्त घुमतेय. पण मध्येच टक् होतं. आईच्या शिलाई मशिनमध्ये दोरा गुंतला की सेम असाच आवाज येतो.”

“दोरा कुठून येणार तिच्यात?”

“उघडून बघू या ना.”

अंकलनी नकारार्थी मान हलवली. माझ्या पोटाखाली एक पत्रा आहे. तो हलू नये म्हणून राजारामांनी स्क्रूंवर आपल्या बायकोची लाल नेलपॉलिश लावली होती. राजाराम गेल्यापासून अंकलनी तिथे नखही लावलं नव्हतं.

“त्याच्या हातचं आहे ते. एकदा फोडलं की गेलं.”

रखमाने विचारलं, “राजाराम काका असते तर काय म्हणाले असते?”

“मला शिव्या दिल्या असत्या.”

“मालवणी?”

“एकदम ताज्या.”

अंकलनी चष्मा पुसला. मग स्क्रू ड्रायव्हर उचलून तिच्या हातात दिला.

पत्रा निघाला. माझ्या आसाला पांढरा दोरा गच्च गुंडाळलेला होता आणि त्यात झेंडूची एक वाळकी पाकळी होती. अंकलनी ती पाकळी लगेच ओळखली. वर्कशॉपमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. अंकल चर्चला जाणारे, पण ती पूजा इथेही त्यांनी कधी चुकवली नाही. गेल्या दसऱ्याला सगळ्यांच्या आग्रहाखातर त्यांनी मला हारासकट एक फेरी मारायला लावली होती. हार निघाला, दोरा आत राहिला.

“म्हणजे आम्हीच पूजा करून हिला आजारी पाडलं,” अंकल म्हणाले.

रखमाने चिमट्याने दोरा सोडवला. राजारामांचा लाल रंग गेला, पण क्लेअरने दप्तराच्या तळातून जांभळी नेलपॉलिश काढली. शाळेत चालत नाही ती. माझ्या पोटाला मात्र छान दिसते.

वर्धापनदिनाला मी लालबागचं वळण असं घेतलं की सुचित्रा मॅडमनी स्वतः माझी शिट्टी वाजवली. कपाटात आता पाहुण्यांच्या चहा-बिस्किटांचे डबे ठेवले आहेत.

मित्रांनो, आम्हाला हार घाला, आम्हाला आवडतो. पण हार काढल्यावर एकदा उलटं करून पोटाखालीही बघत जा. आणि नीट चाललेली वस्तू अडखळली, तर लगेच ‘म्हातारी झाली’ म्हणू नका. आधी कान लावा.

त्या दिवशी रखमाचे आईबाबाही आले होते. तेलाने काळे झालेले तिचे हात बघून आई म्हणाली, “एवढी मोठी झालीस तरी खेळण्यातल्या गाड्यांशी खेळतेस काय गो?”

रखमाने रेमंड अंकलकडे बघितलं. अंकलनी फडक्यात तोंड लपवलं.

“आई, पयलं हात धुऊन ये,” रखमा म्हणाली, “मग दाखवते. आणि बाबा, तुम्ही पण ऐका. माझं ठरलंय. दहावीनंतर मी मेकॅनिकल डिप्लोमा करणार. या दसऱ्याला डोरिसचा हार मी काढणार, आणि दोरा पूर्ण निघाला की नाही ते बघूनच घरी येणार. जेवायला थांबू नका.”