बांडगुळाच्या पानातली वाट

"आधी ते पान बघ, मग माझी उशी," म्हातारा माळी खाटेवरून म्हणाला. "मला कुठं जायचंय?"

"उद्या जायचंय की," त्याची बायको अळीबाई म्हणाल्या.

सकाळी त्याला कायमचं न्यायला शुश्रूषागृहाची गाडी येणार होती. उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्याने एकच हेका धरला होता. जन्मभर बागेतल्या झाडांवरची बांडगुळं छाटली, आता बायकोच्या जिवावर मीच बांडगूळ होऊन राहणार नाही. अळीबाईंनी समजावलं, मुलीने रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

अळीबाई पिकांच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. पोखरलेली पानं पाकिटांतून यायची आणि आत कोणती अळी आहे ते त्या सांगायच्या. त्यांचं खरं नाव तिथे कुणाला आठवतही नसे. आज बागेतल्या नव्या माळ्याने एक फांदी बांडगुळासकट छाटून बादलीत आणून ठेवली होती. म्हणाला, "काकू, याच्या पानावर कुणीतरी गिरगटलंय."

अळीबाईंनी डहाळी वाकवून ते जाड पान टेबलावरच्या दिव्यासमोर धरलं. एक पांढरी वाट वळणं घेत उजळली.

"इथे बघा, दोऱ्याएवढी बारीक. इथे अळी अंड्यातून निघाली. खात गेली, वाढत गेली, तशी वाटही रुंदावली. वरची साल शाबूत, खालची शाबूत. फक्त मधलं खाल्लं."

"आणि ही मधली काळी रेघ?"

"तिची शी."

"घरातल्या घरात?"

"तुम्ही हल्ली काय करता?"

म्हातारा हसला. कित्येक आठवड्यांनी हसला.

"माशीची अळी असती तर बहुधा दोन्ही कडांना ठिपके असते," त्या म्हणाल्या. "रेघ मधोमध आहे. म्हणजे ही पतंगाची असावी."

त्यांनी त्याच्या डाव्या हातात भिंग दिलं. वाट जिथे संपत होती तिथे ती होती. काचेसारखी आरपार. पोटातला हिरवा घास दिसत होता, आणि पाठीवरून एक बारीक लाट पुन्हा पुन्हा पुढे सरकत होती.

"हे काय हलतंय?"

"हृदय."

भिंगामागचा त्याचा डोळा लहान मुलाच्या डोळ्यासारखा मोठा झाला होता.

अळीबाईंनी स्पिरिटची बाटली उघडली.

"ते कशाला?"

"नाव नक्की करायचं तर हिला बाहेर काढून यात घालावं लागतं."

त्याने भिंग खाली ठेवलं आणि पानावर हात आडवा धरला. "आणि नाही घातलं तर?"

"तर वाट बघायची. ती कोष करील, त्यातून पतंग निघेल, मग पंखांवरून सांगता येईल. पण दिवसभर नजर ठेवायला कुणी हवं. मी असते कामावर."

"किती दिवस?"

"काय सांगावं. काही तर वर्षभर कोषातच बसतात."

बाहेर कुणीतरी फाटक लावलं. म्हातारा पानाकडेच बघत होता.

"गाडीवाल्याला फोन कर."

"काय सांगू?"

"सांग, घरात अळी आहे."

अळीबाईंनी बाटलीला बूच लावलं आणि फोन करायला उठल्या. डहाळी आता त्याने एकट्याने धरली होती. पानातून आलेला उजेड चादरीवर हिरवा पडला होता, आणि तो हलू नये म्हणून म्हातारा श्वासही जपून घेत होता.