कॅप्टन निलमचा सत्कार

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर निलमचा सत्कार ठरला, तेव्हा तिनं विमानाचं दारही जवळून पाहिलेलं नव्हतं. बारावी कला शाखेतून झाल्यावर तिनं मुक्त विद्यालयातून पायलटला लागणारे भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय दिले आणि पास झाली, एवढंच घडलं होतं. आता पुण्याला ठरावीक डॉक्टरकडून डोळे-कान तपासून घ्यायचे, मग सरकारी परीक्षेचे पेपर, मग दोनशे तास विमान उडवायचं, तेव्हा कुठं पायलटचा परवाना. ही वाट तिनं बापाला, हरिचंदला, चार वेळा समजावली होती. हरिचंदनं ती तांड्याचे नाईक मोहनसिंग यांना एकदाच सांगितली. नाईकांनी त्यातलं विमान तेवढं उचललं आणि बॅनर छापायला टाकला.

बॅनरवर निलमचं डोकं कुण्या गोऱ्या माणसाच्या गणवेशावर बसवलं होतं. विमान कोपऱ्यात, करडईच्या दाण्याएवढं. नाईक मधोमध. पोरीला पुन्हा गणित कशाला, असं दोन वर्षांमागं विचारणारे नाईक आता पोरीला वाट आपणच दाखवली, असं सांगत फिरत होते.

तपासणी सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात होती. ती चुकली तर पुढची तारीख मिळेस्तोवर विमान शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रवेशाची मुदत उलटणार होती. त्यासाठी चारची नांदेडची बस धरायची, पुढं रेल्वे. एकचा कार्यक्रम मात्र प्रमुख पाहुण्यांसाठी थांबून सव्वातीनला सुरू झाला. पाहुण्यांनी आपल्या दिल्लीच्या विमानप्रवासापासून सुरुवात केली. पावणेचार झाले तरी भाषणात ते अजून विमानाच्या खिडकीपाशीच बसून होते.

निलम सारखी बापाकडं पाहत होती. नाईक बसलेले असताना आपण उठायचं नाही, हे हरिचंदच्या हाडात मुरलेलं. शिवाय जन्मात पहिल्यांदा स्टेजवर खुर्ची मिळालेली. ती सोडवेना. तरी तो उठला, नाईकांच्या कानाशी वाकला आणि पोरीला डॉक्टरकडं तपासायला जायचंय, जाऊ द्या म्हणाला.

“डॉक्टरकडं काहून चालली?” नाईक हसले. “विमान चालवायचं का नवरी दाखवायची? बस खाली. शाल राहिली अजून.”

“शाल माह्या अंगावर टाका, नाईक,” हरिचंद म्हणाला. “तपासायला डोळे तिचेच लागतेत.”

त्यानं पोरीच्या गळ्यातला हार काढून आपल्या गळ्यात घातला आणि तिच्या खुर्चीत बसला. निलम मागच्या बाजूनं उतरली. तिचा भाऊ संतोष मोटारसायकल चालू करूनच उभा होता.

पाहुण्यांना माणूस बदलल्याचा पत्ताही नव्हता. “या लेकीचा मला अभिमान आहे,” म्हणत त्यांनी मिशीवाल्या हरिचंदला शाल पांघरवली आणि भाषण पुढं चालू ठेवलं. तांड्यालगत विमानतळ होणार, असं त्यांनी जाहीर केलं. एप्रिलच्या उन्हात हरिचंद शालीखाली घामानं निथळत राहिला. त्याचा कान रस्त्याकडं होता.

फाट्यावर बस थांबल्याचा आवाज आला. मग ती निघाल्याचाही आला. हरिचंदनं दोन्ही हात वर करून जोरात टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना बरं वाटलं आणि त्यांनी विमानतळाचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.