एका दंडावरून दुसऱ्या दंडावर

रोग मजुरांच्या झोपड्यांत असेपर्यंत त्याला साथ म्हणायचे नाही, अशी मालगुजार मनोहररावांच्या घरची रीत होती. त्या वर्षी नागपूरजवळ, सक्करदऱ्याच्या तळ्यापलीकडे, देवीचा रोग आला. वस्तीतून फडक्यात बांधलेली लहान गाठोडी मसणवाटेकडे जाऊ लागली, तेव्हा या घरात कोणाचा घास अडला नाही. पुढे वेचणीच्या बाया येईनाशा झाल्या, बोंडांतला पांढरा कापूस धुळीत लोंबू लागला, आणि मनोहरराव कळवळून म्हणाले, "अरेरे! केवढी ही साथ!"

त्यांनी लस टोचून देवी काढणाऱ्या भैयाजींना बोलावले. मजुरांनी दारे लावून घेतली. एकट्या देवकीने आपल्या मुलाचा दंड पुढे केला. तिची थोरली याच रोगाने गेली होती. पोरगा धडधाकट राहिला. मग ती दारोदार फिरली, हातापाया पडली. अखेर म्हातारा गडी दादाजी म्हणाला, "मालकाच्या लेकराले टोचा गा आधी, आमच्या डोळ्यांदेखत. मंग आमीबी बाह्या वर करतो." मनोहररावांनी शब्द दिला.

ठरल्या सकाळी मालकांच्या घरापुढच्या चिंचेखाली सारी वस्ती जमली. मनोहररावांच्या मातोश्री जिजाबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. समोर देवकी मुलाला घेऊन उन्हात उभी होती. त्याच्या दंडावर टपोरा फोड भरला होता. भोवतीची कातडी लाल, ताणलेली. भैयाजींनी पात्याचे टोक फोडाला लावले. टोकावर एक थेंब थरथरला.

"थांबा!" जिजाबाई ओरडल्या. "हे कोणाच्या अंगातलं?"

"या मुलाच्या, बाईसाहेब. लस अशीच जाते, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर."

"शी! हिच्या पोराचा पू माह्या नातवाच्या रक्तात?" त्यांनी नातवाला पदराखाली झाकले.

मनोहररावांच्याही पोटात ढवळून आले. तो थेंब, तो मळका दंड, त्यावर बसू पाहणारी माशी! त्यांनी विचारले, "एखाद्या चांगल्या घरच्या मुलाची लस नाही का?"

"चांगल्या घरांनी अजून दंड उघडलेच नाहीत, मालक," भैयाजी म्हणाले. "आणि हा फोड आजच भरलेला आहे. उद्या सुकेल. मग या वस्तीत कोणालाच टोचता येणार नाही."

दादाजी खदखदून हसला. त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता. "पाहून राहिले ना गा? आमच्यासाठी औषध, अन् मालकासाठी घाण! चला घरी!"

बाया मुलांचे दंड झाकू लागल्या. पाठमोरी होणारी ती माणसे पाहून देवकीचा चेहरा राखेसारखा झाला. ही पोरे आता तिच्या थोरलीच्या वाटेने जाणार होती. ती एक पाऊल पुढे आली.

"बाईसाहेब, मागच्या साली सूनबाई तापानं पडल्या होत्या. तवा दिवे लागले का मागच्या दारानं मले कोण बोलावत होतं? माह्या पोराले अर्धपोटी ठेवून तुमच्या नातवाले पाजलं मी. तवा माह्या अंगातलं काहून चाललं?"

"चूप वं!" जिजाबाई पुटपुटल्या. पण आवाजातले बळ गेले होते.

मनोहररावांना ती मागची पडवी आठवली. देवकी उठून गेली की तिने बसलेल्या जागेवर गोमूत्र शिंपडत. आणि ते स्वतः शेजारच्या खोलीत, मूल निजले म्हणून निश्चिंत, पान लावत बसलेले असत!

इतक्यात पदराखालून मुलाने डोके काढले. ओळखीचा आवाज त्याने ऐकला होता. दोन्ही हात पसरून, हसत, तो देवकीकडे झेपावला.

मनोहररावांच्या घशाशी पुन्हा मळमळ आली. पण आता ती त्या थेंबाची नव्हती. ती त्या शिंपडलेल्या पडवीची होती, कापसासाठी आलेल्या आपल्या कळवळ्याची होती. आपल्याच अंगाला वास येत असल्यासारखे ते शहारले.

त्यांनी मुलाला जिजाबाईंकडून घेतले आणि देवकीच्या दुसऱ्या कडेवर दिले. "टोचा, भैयाजी!"

"मनोहर! बाटेल तो!"

"आई, तो हिच्या दुधावर जगला आहे. लोकहो, ऐका, हे मी साऱ्यांसमोर सांगतो! घाण या दंडात नाही. ती आपल्या घरात आहे."

पाते टेकले. मूल रडले, आणि देवकीच्याच खांद्यावर शांत झाले. जिजाबाई तोंड फिरवून आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दादाजीने मात्र आपल्या नातीला पुढे ढकलले. "बस वं. मालकानं शब्द पाळला."

मनोहरराव देवकीला काही म्हणू पाहत होते. तिनेच आधी म्हटले, "मालक, पोरगं सकाळपासून उन्हात हाय. पाणी भेटन का?"

कोणालाच सुचले नव्हते! मनोहरराव घरात गेले आणि आपला पितळी तांब्या भरून समोरच्या दाराने बाहेर आले.

वाचकहो, लस देहाला रोगापासून राखते. पण ज्याच्या श्रमावर आणि दुधावर आपण पोसलो, त्याचीच किळस करणाऱ्या मनाला कोण टोचणार? मजूर लसीला भितो, असे आपण सुखाने म्हणतो. तो आपल्याकडे पाहत असतो. आपला दंड आधी उघडा करा, आणि त्याला उन्हात उभा ठेवू नका!

देवकीने तांब्या घेतला. आधी दोन्ही मुलांना पाजले, मग उरलेले पाणी ती स्वतः प्यायली.