खुर्ची उचलली की झालं

रस्ता रुंद व्हायला हवा, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. फक्त तो आपल्या दारातून जाऊ नये, एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा. शेवटी तो काकांच्या सलूनमधून जायचं ठरलं. मोबदला ठरवायचं काम आलं भूसंपादन कार्यालयातल्या साहेबांकडे, आणि साहेब तर कित्येक वर्षं काकांकडेच दाढी करत होते.

त्या रविवारी काकांनी साहेबांच्या गालांना फेस लावला आणि हळूच विषय काढला.

"साहेब, जागेचे पैसे मिळतील ते ठीक. पण दुकान हलवायचा खर्चही नियमात आहे म्हणे."

"आहे. पण तुमच्या नावापुढे मी शून्य लिहिलंय. उद्या सही," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "अहो, तुमच्याकडे हलवायला आहे काय? कात्री, कंगवा, वस्तरा. खुर्ची उचलली की झालं."

"झालं?"

"झालं."

काका सरळ माणूस. साहेबांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. उजवा गाल संपवून त्यांनी वस्तरा पुसला आणि बाकावरच्या दोघा गिऱ्हाइकांना व शेजारच्या पंक्चरवाल्याला खूण केली.

साहेबांना वाटलं, खुर्ची जरा डुलतेय. डोळे उघडले तर वर छताऐवजी आभाळ!

"काका, हे काय चाललंय?"

"दुकान हलवतोय, साहेब. मान सरळ ठेवा, फेस कानात जाईल."

गाड्या थांबल्या. बसमधल्या लोकांनी मिरवणूक समजून हात हलवले. साहेबांनीही सवयीने हलवला.

रस्त्यापलीकडे काकांना मिळणाऱ्या पर्यायी भूखंडावर खुर्ची टेकली. तिथे गवत होतं, दगड होते आणि एक बकरी होती. काकांनी ब्रश उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"पाणी नाही, साहेब. नळ तिकडेच राहिला."

"आरसा तरी?"

"आणतो की. पण भिंतही तिकडेच राहिली."

दोघा गिऱ्हाइकांनी उन्हाकडे पाहिलं आणि "येतो पुन्हा" म्हणून जे गेले ते गेलेच. काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. साहेबांच्या डाव्या गालावरचा फेस वाळून तडकू लागला.

इतक्यात भाजीची पिशवी घेऊन साहेबांची बायको तिथून चालली होती. ती थबकली.

"अहो, इथे काय करताय?"

"दाढी."

"अर्धीच?"

काकांनी सगळं सांगितलं. ती हसली नाही. पिशवी खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "मागची बदली आठवते? सरकारने ट्रकभाडं दिलं, हमाली दिली, तरी पडद्याच्या दांड्यांसाठी तुम्ही महिनाभर भांडलात. माझ्या शिकवणीची मुलं मात्र जुन्या गावातच राहिली. नवी जमवता जमवता मी रडकुंडीला आले, तेव्हा तुम्हीच म्हणायचात, सरकारला माणसाची किंमत नाही. आज ते सरकार कोण आहे हो?"

साहेबांचा हात आपोआप गालावर गेला. खुर्ची तर आली होती, अगदी सहीसलामत. दुकान मात्र रस्त्यापलीकडेच राहिलं होतं!

"काका, उचला. परत नेऊ."

"वहिनींसमोर सांगायला बरं वाटत नाही, साहेब, पण माणसं गेली. आता हमाली पडेल."

मग एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला आणि तिसऱ्या बाजूला अर्ध्या दाढीचे साहेब अशी वरात धापा टाकत परतली. खुर्ची इतकी जड असते, हे आजवर तिच्यात बसून साहेबांना कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अहवालातलं शून्य खोडलं गेलं. हलवण्याचा खर्च, नळ, वीज आणि गिऱ्हाईक पुन्हा जमेपर्यंतची भरपाईही त्यात आली. वरिष्ठांनी भुवया चढवल्या. "साध्या सलूनला एवढं? त्यांच्याकडे हलवायला असतं काय?"

"सर," साहेब नम्रपणे म्हणाले, "आपण दाढी कुठे करता?"

नव्या रस्त्यावरून आपण सगळेच जाणार आहोत. ज्याच्या दारातून तो जातो, त्याच्या हातावर जमिनीचा भाव ठेवून आपण मोकळे होत नाही. त्याची चूल आणि त्याचा धंदा पुन्हा उभा राहीपर्यंतचा भार आपल्या सगळ्यांचा आहे. आणि 'उचला' म्हणणाऱ्याने एकदा तरी एका बाजूने हात लावून बघावा.