बत्तिसावे बाक

मित्रांनो, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटा आणि माझ्याबरोबर जरा कल्पना करा. तुमच्या मुठीत काडेपेटीहून लहान असे एक बाक होते. कोणीतरी ते काढून नेले, पण मुठीच्या आतला आकार मात्र बाकाचाच राहिला. कसे वाटते? मला वर्षानुवर्षे तसेच वाटत आले. मी एक जुना रबरी साचा आहे.

माझा जन्म मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. त्या घरातले आजोबा एका प्रवासी बोटीवर इंजिनमिस्त्री होते. बोट मोडीत निघाली आणि आजोबा घरी बसले. पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून तीच बोट त्यांनी हातभर आकाराची करायला घेतली. बोटीवर बत्तीस बाके होती. आजोबांनी एकच बाक लाकडात कोरले आणि त्याच्या फटींत लांबी, म्हणजे फटी बुजवायचा मऊ लगदा, भरली. ते एका डबीत चिकटवून त्यावर पातळ रबर ओतायचे, रबर घट्ट झाले की बाक काढून घ्यायचे, आणि मागे जी पोकळी उरेल तिच्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे पातळ प्लास्टिक, ओतून हवी तितकी बाके पाडायची, असा त्यांचा बेत होता.

त्यांची आठ वर्षांची नात सतत काहीतरी विचारत असे, म्हणून आजोबा तिला चौकशीबाई म्हणत. लांबी वाळली का हे पाहायला तिने बाकाच्या पाठीवर हळूच अंगठ्याचे नख टेकवले. लांबी वाळली नव्हती. चौकशीबाई पहिल्यांदाच गप्प राहिली, आणि आजोबांनी घाईत, चष्मा न लावताच रबर ओतले.

साच्याला बरे-वाईट कळत नाही. दाखवाल ते तो धरून ठेवतो. मी बाकाच्या पट्ट्या धरल्या, पाय धरले आणि ती नखाची चंद्रकोरही धरली. लाकडी बाक माझ्यातून ओढून काढताना मोडले. आता त्या बाकाची आठवण जगात फक्त माझ्यापाशी होती.

पहिले रेझिनचे बाक निघाले आणि आजोबांनी चष्मा चढवला.

"हे काय? नख कोणाचं?"

"माझं," नात म्हणाली. "वाळलंय का बघत होते."

"हात लावल्यावाचून राहवतच नाही का गं तुला? आता बत्तीसच्या बत्तीस बाकांना हा खड्डा! खेळणं वाटलं काय हे?"

ती खोलीबाहेर गेली. महिनाभराने तिच्या आईची दुसऱ्या गावी बदली झाली. सामानाची गाडी हलली, तेव्हा आजोबा टेबलापाशी उगाचच पटाशीला धार लावत बसले होते.

त्यानंतर आम्ही दोघेच. आजोबा खिडकी उघडत, हातमोजे घालत, माझ्या पोटात चिमूटभर पावडर फिरवत. दोन बाटल्यांतले द्रव समसमान घेऊन ते सावकाश ढवळत, कारण घाई केली की बुडबुडे येतात. मग सुतासारख्या धारेने माझ्या एका कोपऱ्यात ओतत. रेझिन तापे, पाण्यासारखे होते ते दुधासारखे पांढरे होई. ती दहा-पंधरा मिनिटे माझी. पोट भरलेले, उबदार. मग बाक निघून जाई आणि मी पुन्हा रिकामा. लेकरे मोठी होऊन जातात म्हणतात. माझी तर जन्मताच जात.

आजोबा प्रत्येक बाकावरचा खड्डा लांबीने बुजवत आणि घासत. सहाव्या बाकावर मात्र त्यांचा हात थांबला. त्या चंद्रकोरीवर त्यांनी कितीतरी वेळ आपला अंगठा फिरवला. पुढे एकही खड्डा त्यांनी बुजवला नाही.

एकतीस बाके झाली. मग एका दमट आठवड्यात बाटलीचे झाकण नीट लागले नाही, रेझिनने ओल धरली. ओतल्याबरोबर ते फसफसून वर आले आणि स्पंजासारखे भुसभुशीत बाक निघाले.

"साचा गेला," आजोबा म्हणाले.

दोष माझा नव्हता, पण मला तोंड कुठे होते? त्यांनी मला खणात टाकले. माझ्यावर जड पकड पडली आणि मी वाकडा झालो. बोटीवर चादर आली. तीन वर्षांत खण एकदाही उघडला नाही. आजोबांचे हात कापू लागले आहेत, हे मला भिंतीपलीकडच्या कपबशीच्या आवाजावरून कळे.

सुटीत नात आली, आता अकरा वर्षांची. तिने चादर उचलली आणि बाके निरखत बसली.

"आजोबा, खड्डे बुजवले का नाहीत?"

"पहिले पाच बुजवले," आजोबा दारातूनच म्हणाले. "मग म्हटलं, बोटीत कोणीतरी बसलेलं असू दे की. मी तेव्हा उगाच ओरडलो तुला."

"उगाच नाही. मी सांगायला हवं होतं." मग तिने मोकळ्या जागेवर बोट ठेवले. "हे एक राहिलं?"

"राहिलं. साचा बिघडलाय, हात असे झालेत. राहू दे."

"माझे हात आहेत ना!"

तिने खण उघडला, मी वाकलेला पाहून मला सरळ करायला गरम पाण्यात ठेवले आणि मग रात्रभर सपाट फरशीवर. नवे रेझिन आले. आजोबा खुर्चीतून सांगत गेले, "हळू गं चौकशीबाई, ताक घुसळत नाहीयेस!" बत्तिसावे बाक निघाले. तिने त्या चंद्रकोरीवर अंगठा टेकवला. नख आता मावत नव्हते. दोघेही हसले, आणि आजोबांनी चष्मा पुसला.

"साचा रिकामा ठेवला, तिथेच माझं चुकलं," ते म्हणाले. "रिकामा राहिला की वाकतो."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या खणात माझ्यासारखे कोणी पडले असेल, किंवा एखाद्या खोलीत बसले असेल. काम संपले की त्याला टाकू नका. आणि बिघडले तर आधी बाटलीचे झाकण तपासा.

नातीने बाक बोटीत बसवले, मला धुतले, पुसले, पावडर लावली. मग तिने पुन्हा दोन्ही बाटल्या उघडल्या आणि बोटीत जागा नसलेले तेहतिसावे बाक ओतले. ते घट्ट झाले, निवले. तिने ते बाहेर काढलेच नाही. तसेच आत ठेवून मला खणात सपाट निजवले, आणि खण हळूच लावला.