दोर लेकीच्या हाती

बायकांच्या पेरणीच्या सणाचा तिसरा दिवस उजाडला, तरी आर्खिप्पे खड्ड्यात उतरायला तयार होईना. धान्याची देवी देमेतेर, तिच्या देवळामागचा तो खोल खड्डा. उन्हाळ्यापूर्वी देवीला म्हणून त्यात सोडलेल्या डुकराच्या पिल्लांचं जे उरलं असेल ते वर काढायचं, बियाण्यात कालवायचं, मगच एल्युसिसच्या आणि डोंगरापलीकडच्या गावाच्या रानात पेरणी. यंदा उतरायचा मान तिचा होता. खाली साप असत, वरून बायका टाळ्या पिटून ते हुसकावत. आणि उतरणारीचा दोर तिच्या पोटच्या पोरीनं धरायचा, ही रीत.

तिची पोर मेलित्ता डोंगरापलीकडे दिलेली. दोन वर्षं जावयानं, फानिआसनं, तिला माहेरी पाठवलं नव्हतं. एकदा सासू आजारी, एकदा ऑलिव्हची झोडणी. यंदा तर निरोपाला उत्तरही नाही.

पुजारीण थेआनोनं तिची समजूत घातली, माझी लेक धरेल दोर म्हणाली. कालच्या उपासानं बायका आधीच करवादल्या होत्या.

"पाताळात पळवलेली लेक परत येईपर्यंत देवीनं दाणा उगवू दिला नाही," आर्खिप्पे म्हणाली. "तिला कुणी हट्टी म्हटलं नाही."

"तू देवी नाहीस, बाई."

"नाही ना. म्हणून तर जग सोडून दोनच गावं अडवलीत."

बियाणं न्यायला आलेले पुरुष कुंपणाबाहेर खोळंबले होते. त्यांत फानिआसचे गाववालेही होते. पेरणी हुकणार म्हटल्यावर त्यांनीच धाव घेतली आणि दुपारी नवराबायकोला आणून उभं केलं. पुरुषांना आत मज्जाव, मेलित्ता तेवढी आत आली. आर्खिप्पेनं तिला पोटाशी धरलं. पोर वाळली होती.

"पेरणी झाली की मला जावं लागेल, आई. तसं कबूल करून आलेय."

आर्खिप्पेनं मिठी आणखी घट्ट केली. पण देवीला तरी लेक वर्षभर कुठे मिळाली होती? काही महिने तीही पाताळात नवऱ्याकडे. तिनं दोर लेकीच्या हाती दिला आणि कुंपणाकडे तोंड केलं.

"जावईबापू, दर पेरणीला हिला इथं आणून सोडायचं. सगळ्यांसमोर हो म्हणा. मी अजून वरच आहे."

पलीकडे दहा जणांचा एकदम गलका. मग फानिआसचा पडेल आवाज, "हो."

बायकांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. आर्खिप्पेनं दोर कमरेला आवळला.

"घट्ट धर गं," ती म्हणाली, आणि तिनं खाली पाय सोडले.